शाळेच्या घराची हजेरी

सोतोरुबियो, ९ मे

प्रिय ग्रासिएलाताई,

तुझं पत्र मी पावाच्या गाडीतच वाचलं, पुलाजवळ गाडी बाजूला घेऊन. तोवर पाव गार झाले. वरच्या अंगणातल्या प्रुदेन्सियाबाई म्हणाल्या, "काय गं, आज भट्टीला सुट्टी होती का?" मी नुसती हसले. आतून मात्र गावभर ओरडत सुटावंसं वाटत होतं, की आमची ग्रासिएलाताई रोसारियोहून, समुद्र ओलांडून, इकडे राहायला यायचं म्हणतेय, नेस्तोरभाऊजींना आणि दोन्ही पोरांना घेऊन.

तू लिहिलंस, फोन कर. मी फोनवर बोलत नाही. म्हणजे उचलते, पण पलीकडचा माणूस "हॅलो, कुणी आहे का" करत बसतो, आणि मी असते तिथेच. कागदावर मात्र मला कुणी थांबवू शकत नाही, ते कळेलच तुला.

आजोबांना पत्र वाचून दाखवलं. तुझी आजी बेनिल्दे त्यांची धाकटी बहीण ना, त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बेनिल्देची नात येते म्हणजे बेनिल्देच येते," आणि देवळात संध्याकाळची घंटा वाजवायला गेले. ती त्या दिवशी जरा जास्तच वाजली. लोकांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे का.

आता घराचं. घर आहे. शाळेचं घर. खाली वर्ग, वर मास्तरांच्या दोन खोल्या, एक मोठा शेगडा आणि मागे चेरीचं झाड, त्याच्यावर चढता येतं. पोरं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. शेवटची तीन पोरं म्हणजे मी आणि गिरणीवाल्यांची जुळी. ती आता बिल्बाओला असतात. मग मला बसने मोठ्या शाळेत जावं लागलं. तिथे बाई हजेरी घ्यायच्या, मी "हजर" म्हणायचे, पण कुणाला ऐकूच जायचं नाही. बाई गैरहजर लिहायच्या. असं वर्षभर गैरहजर राहून मी सोळाव्या वर्षी खरंच घरी बसले, मग मामाची पावाची गाडी धरली, आधी शेजारी बसून, आता स्वतः चालवत. हे काम मला आवडतं. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि निघायचं, बोलायचं काही नाही.

तर ते घर पंचायतीचं आहे, म्हणजे किल्ली फ्रोइलानकाकांच्या खिशात. ते सरपंच. बारही त्यांचाच आणि शिकारी मंडळाचे प्रमुखही तेच. पण या महिन्यात निवडणूक आहे आणि प्रुदेन्सियाबाई त्यांच्या विरोधात उभ्या आहेत. आधी त्या पोस्टात होत्या, डोंगर चढून पत्रं वाटायच्या. परवा दारात आल्या नि म्हणाल्या, "यादीत एक नाव कमी पडतंय, तुझं टाकते. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही, निवडून तर मुळीच यायचं नाही."

एवढ्या चांगल्या अटी ऐकून मी हो म्हटलं. मार्चमध्येच अठरा पूर्ण झाली, त्यामुळे चालतं.

मला शून्य मतं पडणार, त्याची मी तयारी केली आहे. तू घराची काळजी करू नकोस. कुणीही निवडून आलं तरी मी चिठ्ठी लिहून विचारीन.

तुझी,
कोवा

---

रोसारियो, २२ मे

प्रिय कोवा,

तुझं पत्र घरातल्या सगळ्यांनी वाचलंय. मोराने चेरीच्या झाडाचं वाक्य कापून उशीखाली ठेवलंय, म्हणून पत्राला आता खिडकी आहे. ती सहा वर्षांची आहे आणि तिच्या मते झाड आपण विकतच घेतलंय. लाउतारो नऊचा. तो विचारतो, तिथल्या शाळेत पोरंच नाहीत तर मग मी कुणाला हरवू?

इथली हकीकत साधीच. तुमच्या उलट इथे आता थंडी सुरू झालीय, नेस्तोर माते, आमचा तो कडू चहा, पीत बसतो आणि नकाशात तुमचं गाव शोधतो. सापडत नाही. मी म्हणते, सापडलं असतं तर गर्दी झाली असती.

निवडणुकीला उभी राहिलीस हे वाचून मी खुर्चीतच उडाले. आमच्याकडे नगरसेवक म्हणजे भिंतीवरचा चेहरा. मतदानाआधी दात दाखवतो, नंतर पावसात सोलून निघतो. तुमच्याकडे तर सरपंच स्वतःच कॉफी देतो म्हणे. हे चांगलं की वाईट? कॉफी कडू झाली तर तक्रार कुठे करायची? तू सांग, तुझ्या मते पंचायत म्हणजे काय? मला खरंच ऐकायचंय, त्या गावात आम्हाला राहायचं आहे.

आजी बेनिल्देची पंचायत मला ठाऊक आहे. घरात भांडण पेटलं की ती पातेल्यावर पळी आपटायची, ठरावीक चालीत. ऐकलं की हातातलं टाकून सगळ्यांनी टेबलाशी यायचं, पोरासोरांनीसुद्धा. माझ्या वडिलांना मिशी फुटली तरी पळी वाजली की ते धावायचे. हे तिने तुमच्याच गावातून आणलं होतं का, आजोबांना विचार.

आमची काही घाई नाही. आरामात बघ. शून्य मतांसाठी शुभेच्छा.

तुझी ताई,
ग्रासिएला

---

सोतोरुबियो, ३ जून

प्रिय ताई,

मी निवडून आले.

थांब, नीट सांगते. आमच्याकडे यादीत सगळी नावं असतात आणि दरेकाने चार नावांपुढे फुली मारायची. लोकांनी आपापल्या तीन माणसांपुढे फुली मारली, आणि चौथीच्या वेळी प्रत्येकाच्या मनात एकच आलं, की त्या बिचाऱ्या पाववालीला कुणी देणार नाही, तिला वाईट वाटेल, एक आपण देऊन टाकू. फ्रोइलानकाकांच्या माणसांनीही हेच केलं आणि प्रुदेन्सियाबाईंच्याही. पेटी उघडली तर सगळ्यात जास्त मतं माझी. सगळ्यात जास्त, ताई.

त्या रात्री बारमध्ये जो तो दुसऱ्याला झापत होता.

"तू कशाला दिलंस तिला?"

"मला वाटलं तू देणार नाहीस."

"अरे, मी तर नेहमी चांगलंच वागतो."

"त्यानेच घात झाला."

फ्रोइलानकाका पेले पुसत म्हणाले, "या गावाला दया खाणार."

आता पाच जणांची पंचायत. दोन त्यांची, दोन प्रुदेन्सियाबाईंकडची, मधे मी. सकाळी मी दारांना पाव अडकवते आणि परत येते तर माझ्याच दाराला काहीतरी अडकवलेलं असतं. काकांनी घरच्या डुकराच्या चोरीसो सॉसेजची माळ पाठवली. प्रुदेन्सियाबाईंनी केक पाठवला. आजोबा दोन्ही खातात आणि म्हणतात, "अशी निवडणूक दर महिन्याला पाहिजे."

शाळेच्या घराचं विचारलं. चिठ्ठी लिहूनच. काकांना तिथे शिकाऱ्यांचं जेवणघर करायचंय, भिंतीवर रानडुकरांची मुंडकी. बाईंना जुन्या अवजारांचं संग्रहालय करायचंय, नांगर, जू, विळे. ते बघायला येणार कोण? ज्यांची अवजारं, तेच. पण मी तुमचं सांगितल्यावर दोघांनीही नाही म्हटलं नाही. काका एवढंच म्हणाले, "नातेवाईक आहेत ना? मग तुला मत देता येणार नाही." मी घाबरले. पण पंचायतीच्या सचिवबाई गुरुवारी गावात येतात, त्यांनी बोटांवर पायऱ्या मोजल्या. तुझी आजी आणि माझे आजोबा भाऊबहीण, म्हणजे तू-मी सहाव्या पायरीवर. कायद्याला चौथीपर्यंतचंच नातं दिसतं. बाई म्हणाल्या, "कायद्याच्या नजरेत तुम्ही परक्या आहात, अभिनंदन."

पंचायत म्हणजे काय विचारलंस. मी गाडी चालवताना त्याचाच विचार करते. माझ्या मते पंचायत दाराला अडकवलेल्या पावासारखी असावी. कडी वाजवून मी आले मी आले करायचं नाही. पण रोज यायचं, आणि एक दिवस आली नाही तर सगळ्यांना कळावं. रस्त्यावरचा दिवा, कारंज्याचं पाणी, स्मशानाच्या फाटकाची किल्ली. बास.

आजोबांना पातेल्याचं वाचून दाखवलं. ते खिडकीतून देवळाकडे बघत बसले. विचारलं तर म्हणाले, "सूप गार होतंय."

ताई, पाचातला एक हात आता माझा आहे, माझ्याच खांद्याला लागलेला. घर आपलंच समज. खिडक्यांना कुठला रंग द्यायचा ते ठरवून ठेव.

तुझी,
कोवा (पंचायत सदस्य, हे मी उगीच लिहून बघितलं)

---

रोसारियो, १४ जून

माझी पंचायत सदस्या,

खिडक्या निळ्या. मोराने पिवळ्या म्हटलं, पण आम्ही तिला बहुमताने हरवलं. मग तिने पातेलं वाजवलं, फेरविचार झाला आणि एक खिडकी पिवळी ठरली.

तुझं पत्र आलं तेव्हा नेस्तोर दारातच होता. मी नुसतं "घर आपलंच" एवढं वाचलं आणि तो मला उचलून गोल फिरवायला लागला. त्याची कंबर धरली. दोन दिवस आडवा होता, पण हसत होता. फ्रिज विकला, कपाट बहिणीला दिलं, हे घर सोडतोय म्हणून मालकाला सांगून टाकलं. लाउतारोने वर्गात सांगितलंय की तो एका शाळेत राहायला जातोय. मास्तरांना वाटलं त्याला शिक्षा झालीय.

तू त्या काकांना आणि त्या बाईंना काय म्हणालीस? टेबलावर हात आपटलास का? मला तू डोळ्यांसमोर दिसतेस, उंच, दणदणीत आवाजाची. फोटो पाठव.

नेस्तोर सगळ्यांचे शेगडे आणि बॉयलर दुरुस्त करून देईल, सांगून ठेव.

तुझी ताई

---

सोतोरुबियो, १७ जून

ताई,

मी सरपंच झाले. वाक्य बरोबर आहे, चूक गावाची आहे.

आज दुपारी पंचायतीची पहिली बैठक होती. नवा सरपंच निवडेपर्यंत सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान सदस्याने मधल्या खुर्च्यांवर बसायचं असतं. म्हणजे गाउदेन्सियोआजोबा आणि मी. ते प्रुदेन्सियाबाईंच्या बाजूचे, आणि त्यांना ऐकू येत नाही. मला बोलता येत नाही. असे आम्ही दोघं कारभार चालवत होतो.

आधी एकेकाने उभं राहून वचन द्यायचं. मी उभी राहिले, दिलं.

गाउदेन्सियोआजोबा म्हणाले, "हिने काही म्हटलं का?"

सचिवबाई म्हणाल्या, "ओठ हलले. चालेल."

मग सरपंचाचं मतदान, कागदावर नाव लिहून घडी घालायची. काका माझ्याकडे बघत होते, बाई माझ्याकडे बघत होत्या. मला एकीकडे चोरीसो दिसत होता आणि एकीकडे केक. दोघांपैकी कुणालाही शाळेच्या घरात माणूस नकोय. कुणाचंच नाव लिहवेना. मी कोरा कागद घडी घालून टाकला. वाटलं, एका कागदाने काय होतंय.

दोन फ्रोइलान, दोन प्रुदेन्सिया, एक कोरा.

"कोरा कुणाचा?" काका म्हणाले. खोलीत कुणीच माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं.

सचिवबाईंनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला आणि वाचलं, की कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर गावाने ज्याला सगळ्यात जास्त मतं दिली तोच सरपंच. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

काका म्हणाले, "छापताना चूक झाली असेल."

प्रुदेन्सियाबाई म्हणाल्या, "दाखवा बघू."

दोघांनी एकाच पुस्तकात डोकं घातलं होतं, ताई. गेल्या कित्येक वर्षांत ते इतके जवळ आले नसतील.

मग काकांनी सरपंचाची काठी माझ्या हातात दिली. तिच्या टोकाला चांदीची मूठ आहे, आणि ती रानडुकराच्या चरबीने थोडी पिवळी पडलीय. म्हणाले, "घे. अखेर गावाला एक बोलका सरपंच मिळाला." सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तसं तोंड केलं. काठी घेऊन घरी आले आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसले. अजून इथेच आहे, पण घाबरून नाही. बहुतेक. मला वाटतं मला आनंद झालाय.

२७ जून

पत्र टाकायचं राहिलं, कारण सांगण्यासारखं चांगलं काही घडेपर्यंत थांबले होते. घडलं नाही. काल बैठक झाली. मी शाळेच्या घराचा विषय मांडला, दोन वाक्यं बोलले, आणि तिसऱ्या वाक्याला सगळे एकदम बोलायला लागले. जेवणघराला दोन मतं, संग्रहालयाला दोन, तुम्हाला एक. काका म्हणाले, "एक हिवाळा बघतील आणि पळतील. मग घर ना शिकाऱ्यांचं ना कुणाचं." ते खोटंही नाही ना गं. इथला हिवाळा कसा असतो ते तुला माहीत नाही. पुढच्या बैठकीत ठरवायचं म्हणून सगळे उठले. मागे खुर्च्या लावायला राहिलो मी आणि काठी.

आणि आज तुझं पत्र आलं. फ्रिज विकलास? ताई, मी कुणाला काही म्हटलेलं नव्हतं. मी फक्त आनंदात लिहिलं होतं. टेबलावर हात आपटणारी ती उंच मुलगी मी नाही. फोटो पाठवत नाही.

आजीची ती पातेल्याची चाल कशी होती? नक्की कशी? लगेच लिही. आजोबा सांगत नाहीत, आणि तो विषय काढला की सूप गार होतं.

कोवा

---

रोसारियो, ८ जुलै

कोवा, बाळा,

आधी नीट श्वास घे. फ्रिज तुझं पत्र यायच्या आधीच विकला होता. नेस्तोरचं वर्कशॉप मार्चमध्ये बंद झालं. "काही घाई नाही" असं मी लिहिलं ते तुझ्यावर ओझं नको म्हणून. तिकिटं ऑगस्टअखेरची आहेत आणि ती तुझ्यामुळे काढलेली नाहीत. घर नाही मिळालं तर आम्ही शहरात एखादी खोली बघू आणि रविवारी चेरी खायला येऊ. पोरांना मी अजून काही सांगितलेलं नाही, एवढंच.

हिवाळ्याचं तुमचे काका बरोबर बोलतात. आम्ही बर्फ फक्त सिनेमात बघितलाय. टिकू असं मी वचन देणार नाही. पण नेस्तोर आयुष्यभर शेगडेच दुरुस्त करत आलाय. थंडीला घाबरणारा माणूस तो धंदा करत नाही.

चाल अशी: दोन सावकाश, मग एक मोठा श्वास घेण्याइतकं थांबायचं, मग तीन पटापट. आणि परत. आजी म्हणायची, पहिले दोन ठोके ज्याला ऐकू आले त्याच्यासाठी, नंतरचे तीन ज्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याच्यासाठी. जो आला नाही त्याने रात्रीची भांडी घासायची.

आणि ऐक. आजी बुटकी होती आणि तिचा आवाजही बारीक होता. म्हणूनच तर पातेलं.

तुझी ताई

---

सोतोरुबियो, २४ जुलै

प्रिय ताई,

हे पत्र तुम्ही निघायच्या आधी पोचलं नाही तरी चालेल, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. क्रमाने सांगते.

तुझं पत्र आलं आणि मी स्वयंपाकघरात पातेलं उलटं घेतलं. दोन सावकाश, श्वास, तीन पटापट. आजोबांनी चमचा खाली ठेवला. उठले, आणि जुलै महिन्यात अंगात कोट घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"ही कोन्सेखोची, गावसभेची घंटा आहे," ते म्हणाले. "पूर्वी अख्ख्या गावाला बोलवायला वाजवायचे. पंचायत नंतर आली. तुझ्या जन्माआधीपासून वाजली नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सरपंचाने सांगितल्याशिवाय ही वाजवायची नसते. इतक्या वर्षांत कुठल्याच सरपंचाने सांगितलं नाही."

"आता सरपंच मीच आहे की, आजोबा."

"हो ना," ते म्हणाले. "मग सांग."

कोटाची बटणं लावून ते दारात उभे. मोठ्याने सांगितल्याशिवाय ते हलणार नव्हते. मी म्हटलं, "वाजवा." पहिल्यांदा नीट आलं नाही, म्हणून परत म्हटलं.

रविवारी, प्रार्थना संपल्यावर वाजली. ताई, म्हातारी माणसं ज्या तऱ्हेने घराबाहेर आली ते तू बघायला हवं होतंस. कुणाच्या गालाला अर्धा साबण, कुणाच्या हातात सोललेला बटाटा. काय चाललंय हे कुणी विचारलं नाही. पाय आपोआप देवळाच्या ओसरीकडे. तरुण मंडळी, म्हणजे पन्नाशीतली, आग कुठे लागली म्हणून बादल्या घेऊन आली.

रीत आजोबांनी मला शिकवून ठेवली होती. दर चुलीमागे एक माणूस. सरपंचाने एकेका घराला नावाने पुकारायचं, घराने "हजर" म्हणायचं. मग बोलणं. मग ज्याचं हो, तो ओसरीबाहेर उन्हात जाऊन उभा राहतो, आणि ज्याचं नाही तो सावलीत थांबतो. ही रीत बहुतेक हिवाळ्यात कुणीतरी ठरवली असणार. जुलैत भर दुपारी तुमच्यासाठी उन्हात उभं राहा म्हणायचं म्हणजे काय ते बघ.

मी पुकारायला लागले. गिरणीचं घर. हजर. कारंज्याचं घर. हजर. वरच्या अंगणाचं घर. तिथून प्रुदेन्सियाबाई, हजर. बारचं घर. काका म्हणाले, "हजर, पण मोठ्याने पुकार, आम्ही काय कबुतरं आहोत?" मला मोठ्याने येत नव्हतं. मग काय झालं माहितीये? लोक हळू बोलायला लागले. मग बोलायचेच थांबले. शेवटी शेवटी ओसरीत इतकी शांतता होती, की मला माझाच आवाज ऐकू आला. तो बरा आहे, ताई.

सगळी घरं झाली असं मला वाटलं. तर आजोबा मागून पुटपुटले, "मास्तरांनाही एक मत असायचं." मी विचार न करता पुकारलं, "शाळेचं घर?"

तुला ते कसं सांगू. सगळ्या माना तिकडे वळल्या, बंद खिडक्यांकडे. त्यातले निम्मे लोक त्याच घरात अक्षरं शिकले. कुणीतरी उत्तर देईल म्हणून मी खरंच थांबले. वेड्यासारखी थांबले.

मग बोलले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "ते थंडीत टिकतील का, मला माहीत नाही. काका विचारतात ते बरोबर आहे. ताईने पण टिकूच असं लिहिलेलं नाही. पण घराला हाक मारली तर आतून कुणीतरी ओ द्यावी, असं मला वाटतं." एवढंच.

पहिले गाउदेन्सियोआजोबा उठले. "मला काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले, "पण ही बोलली, ते मी बघितलं." आणि काठी टेकत उन्हात गेले. प्रुदेन्सियाबाईंनी डोक्यावर रुमाल टाकला. "मी या गावात जन्मभर पत्रं वाटली," त्या म्हणाल्या, "नंतर पत्रंच येईनाशी झाली. आता या पोरीला रोसारियोहून येतात, तर पोस्टाची गाडी पुन्हा पुलावर दिसते. नांगर माझ्या ओसरीत उभा राहील, त्याला काय." आणि गेल्या. मग एकेक करत सगळे, टोप्या घालत, घाम पुसत. ऊन भरलं.

सावलीत राहिले फ्रोइलानकाका आणि दोन शिकारी.

"मला डॉक्टरांनी ऊन सांगितलेलं नाही," काका म्हणाले.

उन्हातून काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी दारूही सांगितलेली नाही." बारच्या घराचं मत काकांचंच होतं, काकू आपल्या नुसत्या जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

शुक्रवारी पंचायतीने तेच कागदावर आणलं. काका सोडून सगळ्यांचे हात वर. सचिवबाई म्हणाल्या, "तुमच्या घंटेला माझ्या पुस्तकात जागा नाही," आणि मग समासात काहीतरी लिहिलं. जाताना काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुलूप अडकतं. दार वर उचलून फिरवायची. शेगड्याला लाकूड ओकचं लागतं, ते त्यांना मिळणार नाही, मी टाकीन दोन खेपा. पण मी सावलीतच होतो हे लिहून ठेव."

मी तुला मागे लिहिलं होतं ना, पंचायत दाराला अडकवलेल्या पावासारखी असावी. ते अर्धंच होतं. कधीकधी दार वाजवायलाही लागतं.

चेरी संपल्या. पुढच्या वर्षी येतील. तुम्ही आधी या.

तुझी,
कोवा

---

सोतोरुबियो, ९ सप्टेंबर
(पावाच्या पिशवीत)

ताई,

तू आता चौकापलीकडे राहतेस, तरी हे लिहूनच देतेय. काल तुझ्या दारात उभं राहून सांगायचं ठरवलं होतं, पण तू दार उघडलंस आणि मी नुसता पाव दिला.

उद्या सकाळी घंटा वाजेल, आजीची. पाण्याचा पाट साफ करायचाय, दर चुलीमागे एक माणूस आणि एक फावडं. फावडं नसेल तर प्रुदेन्सियाबाईंच्या ओसरीत अख्खं संग्रहालय आहे. जे घर येणार नाही त्याने संध्याकाळी सगळ्यांना वाइन पाजायची, आणि काका म्हणतात पहिल्याच वेळी तुम्ही पाजणार. पैज लावून बसलेत.

आधी मी घरं पुकारीन. तुमचं सगळ्यात शेवटी येईल. पुकारलं की काय म्हणायचं ते तुला माहीतच आहे.

कोवा

---

(त्याच कागदाच्या मागे, रिकाम्या पिशवीत)

कोवा,

नेस्तोर फावडं घेऊन पहाटेच निघणार म्हणतोय, आतापासून बूट घालून बसलाय. काकांना सांग, पैज हरलात.

"हजर" कोण म्हणणार यावरून घरात भांडण पेटलं. लाउतारो म्हणे मी मोठा, मोरा म्हणे पिवळी खिडकी माझी. शेवटी मला पातेलं वाजवावं लागलं. असं ठरलंय, की दोघंही एकदम ओरडणार. सकाळपासून सराव चाललाय आणि देवळावरची कबुतरं अजून परत आलेली नाहीत.

तू फक्त पुकार. अगदी हळू पुकारलंस तरी चालेल.